आयआयटी कानपूरचा कॅम्पस बघायचाय? मग असा बघा

कानपूरला जाणं झालं आणि आयआयटीत कोणी ओळखीचं असेल तर कॅम्पस नक्की बघा, फक्त आधी त्याला सांगून ठेवा, गेटवर चौकशी होते. आणि इमारतीसमोर उभं राहून फोटो काढला, झालं, असं करू नका. समोरून बघितलं तर विटा नि काँक्रीटची खोकीच दिसतात, मग म्हणाल यात काय एवढं.

आर्किटेक्ट अच्युत कानविंदे, म्हणजे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जेजेत शिकले नि मग हार्वर्डला, आधुनिक आर्किटेक्चरचे गुरू वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे. संस्था १९५९ ची, पहिले डायरेक्टर पी. के. केळकर (मराठी मंडळीच सगळी!), सुरुवातीचे वर्ग शहरातल्या दुसऱ्याच कॉलेजात भरायचे आणि तोवर शहराबाहेर कल्याणपूरला हजारेक एकरावर कानविंदे नि त्यांचे पार्टनर शौकत राय यांचं काम चाललेलं.

सगळे सांगतील सकाळी लवकर जा. मी म्हणेन ऑक्टोबरात जा आणि भर दुपारी बाराला जा, कारण हा कॅम्पस ऊन लक्षात घेऊनच बांधलाय. लायब्ररीपासून सुरुवात करा, तिला आता केळकरांचंच नाव आहे. तिथून वरच्या मजल्याच्या कॉरिडॉरवर चढा. हे कॉरिडॉर लायब्ररी, लेक्चर हॉल, फॅकल्टी बिल्डिंग सगळं जोडत जातात, खालून चाललात तर वरच्या कॉरिडॉरचीच सावली, आणि गाड्या बाहेरच्या बाहेर. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकदा वरून जा, परत येताना खालून या, प्लॅन आपोआप डोक्यात बसतो, नकाशा लागत नाही.

मग एखाद्या भिंतीजवळ थांबा आणि वीट नि काँक्रीट जिथे भेटतात तिथे नीट बघा. प्लास्टर नाही, रंग नाही. भार सगळा काँक्रीटच्या फ्रेमवर, वीट मधे नुसती भरलेली, म्हणजे कोण काय काम करतंय ते उघड दिसतं. मला विचाराल तर त्या काळच्या सरकारी बांधकामात इतका सच्चेपणा क्वचितच दिसतो.

होस्टेल, क्वार्टर्स वेगळ्या भागात आहेत, वेळ असेल तर चक्कर मारा, नाहीतर राहू दे.

आणि कानपूर लांब पडत असेल तर राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि पुण्यात कोंढव्याची एनआयबीएम ही बँकिंगची संस्था, दोन्ही कानविंदेंचीच, फक्त आत जायची परवानगी तिथेही आधी विचारून घ्या.