चिमणीतली धूळ मोजताना नोझलचा वेग असा जुळवा

चिमणीतला वायू नमुन्यासाठी पंपाने ओढून घेतात; त्या नळीच्या टोकाच्या नोझलमध्ये शिरणाऱ्या वायूचा वेग आणि त्या जागी चिमणीत असलेला वेग एकच हवा. पंप हळू ओढत असेल तर उरलेला वायू नोझलला वळसा घालून निघून जातो. जड कणांना तसं वळता येत नाही, ते सरळ आत घुसतात आणि धूळ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पंप जोरात ओढला की आकडा कमी येतो. मायक्रॉनभर आकाराचे कण वायूबरोबरच वळतात, म्हणून बारीक धूळच सोडणाऱ्या बॅग फिल्टरनंतर (कापडी पिशव्यांची गाळणी) ही चूक लहान असते, नुसत्या सायक्लोननंतर (वायू गोल फिरवून जड धूळ वेगळी करणारं यंत्र) मोठी.

समजा, ब्रिकेटवर (दाबून केलेल्या जळणाच्या विटांवर) चालणाऱ्या बॉयलरची 1 मीटर व्यासाची चिमणी आहे. पोर्ट, म्हणजे नळी आत घालायचं भोक, खालच्या वळणापासून 8 मीटर वर आणि चिमणीच्या तोंडापासून 2 मीटर खाली हवं. काटकोनातल्या दोन पोर्टांतून प्रत्येकी 6 बिंदू घ्या: भिंतीपासून 4.4, 14.6, 29.6, 70.4, 85.4 आणि 95.6 सेंमी. प्रोबवर (नोझल लावलेल्या लांब नळीवर) खुणा करताना पोर्टच्या नळीची लांबी मिळवायला विसरू नका. प्रवाह गोल फिरतो का, तेही पाहा. एस-टाइप पिटो (दाबाच्या फरकावरून वेग मोजणारी जोडनळी) 90 अंश फिरवून दाब शून्य येत नसेल तर तो शून्य होईपर्यंत आणखी फिरवा; या कोनांची सरासरी 20 अंशांवर गेली तर ती जागा सोडाच.

आता हिशेब. पिटोवर दाबाचा फरक 10 मिमी पाणी, तापमान 150 अंश सेल्सिअस, वायूची घनता 0.82 किलो प्रति घनमीटर, पिटोचा गुणांक 0.84: वेग सुमारे 13 मीटर प्रति सेकंद. 6.35 मिमी नोझलला मिनिटाला 24.7 लिटर लागतात. पण वायू मोजणाऱ्या मीटरपर्यंत तो 30 अंशांना थंड होतो आणि त्यातली वाफ (वायूच्या 12 टक्के) कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचं पाणी करणाऱ्या भांड्यात, राहते, म्हणून मीटरवर 15.6 लिटरच ठेवायचे. ही दुरुस्ती राहून गेली की सगळा नमुना वाया जातो. पुढच्या बिंदूवर दाब 6.4 मिमी झाला तर वेग 0.8 पट होतो, म्हणून 12.5 लिटर. सगळ्या बिंदूंना एकच प्रवाह लावणं हीच सर्रास होणारी चूक.

या तापमानाला ग्लास फायबरचं थिंबल (धूळ अडवणारी टोपीसारखी गाळणी) वापरा. सेल्युलोजचं टिकत नाही. नोझल बंद करून 380 मिमी पाऱ्याच्या निर्वातावर गळती तपासा, मिनिटाला 0.57 लिटरपेक्षा जास्त चालत नाही. प्रोब घालताना झडप बंद ठेवा, नाहीतर चिमणीच्या ओढीने कंडेन्सरचं पाणी उलटं थिंबलकडे येतं. नोझलचं तोंड बरोबर प्रवाहाकडे करा आणि प्रत्येक बिंदूवर 5 मिनिटं थांबा.

शेवटी नोझल आणि प्रोब अ‍ॅसिटोनने धुऊन ती धूळही वजनात धरा. नोझलमधला वेग चिमणीतल्या वेगाच्या 90 ते 110 टक्क्यांत बसला नाही तर नमुना पुन्हा घ्या.