जुन्या ४५४ ची ताकद वाढवण्याआधी

मिशिगनमध्ये बोट ऑक्टोबरात पाण्याबाहेर येते ती मे उजाडेपर्यंत झाकूनच असते. इंजिनाचं मोठं काम काढायला हाच काळ, म्हणून तयारीही त्याच क्रमाने लिहितो. मी धरून चाललो आहे ते इंजिन म्हणजे मर्क्रूझर या बोट-इंजिनांच्या कंपनीचं ७.४ लिटर: शेवरलेचा ४५४ घनइंची मार्क फोर बिग ब्लॉक, कागदावर ३३० हॉर्सपॉवर. लेक सेंट क्लेअरवरच्या ऐंशीच्या दशकातल्या बोटींमध्ये ते अजून भेटतं, आणि नीट सांभाळलेलं असेल तर त्यात आणखी शंभरेक हॉर्सपॉवरची जागा नक्की असते. पण ती ताकद पेलायला पाणी, पेट्रोल, ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा मागचा भाग) आणि खुद्द बोट तयार आहे का, हे आधी बघायचं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कार्ब्युरेटरची खरेदी त्यानंतर.

बोट पाण्यात आहे तोवरच आजची स्थिती लिहून ठेवा. वारा पडलेला असताना, अर्धी टाकी भरून, दोन माणसं घेऊन पूर्ण थ्रॉटलवर जा आणि जीपीएसवरचा वेग, आरपीएम, ऑइल प्रेशर आणि तापमान टिपा. डॅशबोर्डवरच्या जुन्या टॅकोमीटरवर विसंबू नका, दुकानातल्या टॅकशी ताडून घ्या. प्रोपेलरवर कोरलेला पिच (एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जायला हवा तो आकडा) आणि ड्राइव्हचा गियर रेशोही लिहा. आरपीएम गुणिले पिच, भागिले रेशो, भागिले १०५६ केलं की ताशी मैलांत सैद्धांतिक वेग येतो. ४४०० आरपीएम, १९ चा पिच आणि १.५ रेशो असेल तर जवळजवळ ५३ मैल. जीपीएस ४५ दाखवत असेल तर स्लिप (पाण्यात घसरून वाया जाणारा वेग) साधारण १५ टक्के, म्हणजे व्ही आकाराच्या जड बोटीला ठीकच. स्लिप याहून बरीच जास्त निघाली तर आधी प्रोपेलरचा पंखा आणि बोटीचा तळ बघा. वाकलेली पाती किंवा शेवाळलेला तळ जी ताकद खातो, ती कॅम बदलून परत मिळत नाही.

मग ध्येय ठरवा आणि त्याचा हिशोब करा. पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३३० चे ४२५ हॉर्सपॉवर केले तर ताकद २९ टक्के वाढते, वेग मात्र जेमतेम १३-१४ टक्के: ४५ चे ५१ मैल. तीच बोट ६० मैलांवर न्यायची तर ५८० च्या वर लागतील, आणि तिथे हा ब्लॉक, हा ड्राइव्ह, हा बजेट काहीच पुरत नाही. माझं मत विचाराल तर ४०० ते ४२५ इथे थांबा. त्यापुढे जायचंच असेल तर जुन्या इंजिनावर पैसे न घालता ५०२ घनइंची नवं इंजिन बसवणं अधिक शहाणपणाचं.

गाडीच्या इंजिनांवर काम केलेल्या हातांनी एक फरक मनात पक्का ठेवावा. गाडी वेगात आली की थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. बोटीला उतार नाही आणि थ्रॉटल सोडून नुसतं घरंगळणं नाही. भरलेला ट्रक घेऊन दिवसभर घाट चढत राहावं तसं हे इंजिन चालतं. म्हणून गाडीच्या कॅटलॉगमधली ‘स्ट्रीट’ जोडणी इथे उचलून बसवायची नाही.

बोट शेडमध्ये आली की पहिलं काम ओळख पटवण्याचं. ब्लॉकचा कास्टिंग नंबर मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या कडेशी असतो. आधी मालक बदललेले असतात, इंजिनंही बदललेली असतात, त्यामुळे बोटीच्या कागदांवर भरवसा ठेवू नका. मार्क फोरचं मागचं मेन सील दोन तुकड्यांचं. १९९१ पासूनच्या जेन फाइव्हचं, म्हणजे बिग ब्लॉकच्या पुढच्या पिढीचं, एकसंध. मार्क फोरवर मेकॅनिकल फ्यूएल पंपाची जागा असते, जेन फाइव्हवर नसते. पाण्याच्या वाटांमध्ये फरक असल्याने मार्क फोरची हेड्स जेन फाइव्हवर सरळ बसवता येत नाहीत, गॅस्केट विचारपूर्वक निवडावं लागतं. जेन फाइव्हचे रॉकर समायोजित करता येत नाहीत, तेव्हा कॅम बदलताना तिथेही वेगळी तयारी लागते. दोन इंजिनांची बोट असेल तर त्यातलं एक उलट फिरणारं असू शकतं. त्याला कॅम, स्टार्टर आणि मागचं सील वेगळं लागतं. हे न बघता मागवलेलं पार्सल परत करण्यातच अर्धा हिवाळा जातो.

ओळख पटली की तब्येत. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) दोन्ही घ्या. एखाद्याच सिलिंडरचा आकडा पडलेला असेल तर नेमकी हवा कुठून सुटते ते लीकडाउन सांगतं: कार्ब्युरेटरमधून, एक्झॉस्टमधून की क्रँककेसमधून. आपल्याकडच्या थंडीत पाणी न काढता ठेवलेले ब्लॉक तडकतात, आणि ती चीर कधी बाहेरच्या भिंतीत तर कधी आत लिफ्टर व्हॅलीत (कॅमच्या वरच्या पोकळीत) असते. इंजिन उघडणारच आहात तर ब्लॉक आणि हेड्स मशीन शॉपकडून प्रेशर टेस्ट करून घ्याच. शॉपला पहिल्याच वाक्यात सांगा की हे बोटीचं इंजिन आहे. फोर्ज्ड पिस्टनला किती मोकळीक ठेवायची, पितळी कोअर प्लग, मरीन हेड गॅस्केट, सतत उष्णतेत टिकणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हे सगळं त्या एका माहितीवर ठरतं.

आता एक्झॉस्ट. या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि पैशाचा पहिला मोठा हप्ता इथेच जायला हवा. बोटीत मॅनिफोल्डभोवती पाणी खेळतं आणि रायझरच्या (मॅनिफोल्डवरच्या उंच नळीच्या) पुढे तेच पाणी जळलेल्या वायूत मिसळून बाहेर जातं. रायझर आतून गंजला की पाणी उलट वाटेने सिलिंडरमध्ये उतरतं, आणि पाणी दाबता येत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांत मॅनिफोल्ड बदलायची वेळ येते. ग्रेट लेक्सच्या गोड्या पाण्यात ते बरेच जास्त टिकतात, पण म्हणून तपासायचे टाळू नका. बोट फ्लोरिडाहून आणलेली असेल तर खाऱ्या पाण्यातलीच समजा. रायझर उतरवून जोडाचे पृष्ठभाग बघा, एक्झॉस्टमधली रबरी झडप जळून तुकडे झालीय का ते बघा. जुने मूळ मॅनिफोल्ड वायू अडवतातही, त्यामुळे बदलायचेच असतील तर मोकळ्या वाटेचे घ्या. या इंजिनाला सगळ्यात निर्धोक वाढ इथूनच मिळते.

कॅमची निवडही याच ओल्या एक्झॉस्टला बांधलेली आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढला की मंद गतीत एक्झॉस्टमधली ओल मागे ओढली जाते. धक्क्यावर गुरगुरणारा मोठा कॅम ऐकायला छान, पण आठवड्याभरात प्लगवर गंज दिसतो. पन्नास थाऊवर (व्हॉल्व्हचा लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेलं) २२० ते २३० अंश ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, आणि ११२ ते ११४ अंशांचं लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर, एवढ्यात राहा. बजेट बसत असेल तर हायड्रॉलिक रोलर लिफ्टर घ्या. सपाट लिफ्टरच्या कॅमला सुरुवातीलाच घासून खराब होण्याचा धोका असतो, तो इथे टळतो. हेड्सवर ७८१ किंवा ०४९ वर संपणारा नंबर दिसला तर ती मोठ्या ओव्हल पोर्टची आहेत, ठेवा आणि चांगली करून घ्या. लहान ‘पीनट’ पोर्टची असतील तर मात्र हेड्ससाठी पैसे बाजूला काढा, त्यांच्यावर मोठा कार्ब्युरेटर ठेवून काही साधत नाही. चौकोनी पोर्टचा मोह ४५४ ला ५००० आरपीएमच्या आत टाळावा. लोखंडी हेड्सवर कॉम्प्रेशन नऊच्या आत, साडेआठच्या आसपास. मरीनाच्या पंपावर कधी कुठलं पेट्रोल मिळेल याची खात्री नसते, आणि पूर्ण लोडवर पेट्रोल ठोकायला लागलं तर इंजिनाच्या गर्जनेत ऐकू येत नाही. कळतं ते पिस्टनची कड तुटल्यावर.

पेट्रोल किती लागेल तेही मांडून बघा. एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड धरा. ४२५ ला २१२ पौंड, म्हणजे सुमारे ३५ गॅलन, १३० लिटरच्या वर. तेवढं पेट्रोल टाकीपासून येतं का? टाकीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तर टाकी आपोआप रिकामी होऊ न देणारा) असतो, तो चिकटलेला किंवा अरुंद असेल तर वरच्या गतीला मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि नवे पिस्टन जळतात. पंप, नळी, वॉटर सेपरेटर, सगळं नव्या आकड्याला पुरेल असं बघा.

या भागात काटकसर अजिबात नको. कोकणातल्या मच्छीमार बोटी डिझेलच्या, त्यामुळे तिथे वाढलेल्या माणसाला ही भीती सवयीने येत नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते, आणि एका ठिणगीत बोट उडते. गाडीचा अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर आकाराने हुबेहूब बसतो आणि स्वस्तही असतो, पण त्याची ठिणगी बंदिस्त नसते. मरीन सुटेच घ्या. कार्ब्युरेटरही मरीनच हवा, कारण तो तुंबला तर पेट्रोल बाहेर न सांडता घशातच जातं. त्यावर मान्यताप्राप्त फ्लेम अरेस्टर (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) बसवा. पेट्रोलच्या नळ्यांवर ‘ए-१’ ची, म्हणजे आगीला टिकणाऱ्या नळीची, खूण बघून घ्या.

ड्राइव्हचं थोडक्यात. मर्क्रूझरच्या ड्राइव्हांपैकी अल्फा वन या कामाचा नाही, तो लहान ब्लॉकसाठी आहे. ब्राव्हो वन ४२५ पेलतो, पण लाटेवरून हवेत उडून थ्रॉटल तसाच ठेवलात तर तोही तुटतो. जुना टीआरएस मजबूत आहे, पण त्याचे सुटे भाग मिळणं अवघड झालंय. आहे तो किती दिवस चालवायचा ते आधी ठरवा. इंजिन बाहेर आहे तोवर इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारे गिंबल बेअरिंग आणि कपलर बदलून टाका. ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) आणि आतले स्ट्रिंगर (तळाचे लांब आधार) हातोडीने ठोकून ऐका. प्लायवुड कुजलेलं असेल तर बद्द आवाज येतो, आणि तसा आला तर हॉर्सपॉवरचे पैसे यंदा लाकडावर घाला. स्टिअरिंगमध्ये खेळ असेल तर तोही काढा. विमा कंपनीला नवी हॉर्सपॉवर लेखी कळवा.

मे महिन्यात पहिल्यांदा चालू करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर काढून ऑइल पंप ड्रिलने फिरवा, ऑइल प्रेशर आलेलं डोळ्यांनी बघा. पाणी सुरू केल्याशिवाय क्षणभरही चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा जळतो. आदल्या दिवशी नवा इम्पेलर बसवलेला असावा. सपाट लिफ्टर ठेवले असतील तर जस्त-फॉस्फरसयुक्त तेल घालून लगेच २००० च्या वर न्या आणि वीसेक मिनिटं तिथेच वर-खाली करत ठेवा. मंद गतीत रेंगाळू द्यायचं नाही. ठिणगीचं एकूण टायमिंग ३२ अंशांच्या आसपास थांबवा. प्रत्येक वेळी किल्ली फिरवण्याआधी बिल्जमधली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं, आणि नाकाने बिल्ज हुंगून बघणं.

तलावात गेलात की शरद ऋतूतली वही काढा आणि तीच चाचणी तशीच करा, पण इंजिनाला काही तास मिळाल्यावर. हिशोब बरोबर असेल तर १९ चाच पंखा आता ५००० च्या आसपास फिरेल. त्यावर गेला तर पिच वाढवा, एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. कमी पडला तर पिच कमी करा, दबलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर ढकलू नका. पूर्ण गतीवरून एकदम बंद करून प्लग काढा: पांढरे असतील तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे जेट मोठे घाला आणि तोवर तीन चतुर्थांश थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका. दहाएक तासांनी तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून बघा. ड्राइव्हचंही तेल काढून त्यात धातूचा कीस चमकतोय का, दुधाळपणा आलाय का, ते उन्हात धरून तपासा.