रस्टमध्ये कॉन्फिगचे डिफॉल्ट एकदाच लिहा, बाकीचं मॅक्रोवर सोडा

रावेरकडं आमचा केळीचा मळा आहे, तिथली ठिबकची मोटर चालवायला मी रस्टमध्ये (ही प्रोग्रामिंगची भाषा) छोटा प्रोग्राम लिहिलाय. आधी सेटिंग तीनच होत्या, मग वाढत गेल्या अन् प्रत्येक फील्ड तीन-तीन जागी लिहायची पाळी आली, खऱ्या स्ट्रक्टमध्ये (स्ट्रक्ट म्हणजे एकत्र बांधलेली फील्ड), फाईल वाचायच्या स्ट्रक्टमध्ये अन् परत डिफॉल्टमध्ये. कंटाळा येतो भो.

तर स्ट्रक्ट दोनच लागतात. 'कॉन्फिग'मध्ये साधे टाईप, 'कॉन्फिगफाईल'मध्ये तीच फील्ड पण प्रत्येक ऑप्शनमध्ये (म्हणजे किंमत असेल किंवा नसेल) गुंडाळलेली. दोन्ही मॅक्रो_रूल्सने (आपल्यासाठी कोड लिहून देणारा रस्टचा मॅक्रो) बनवायचे, म्हणजे आपण लिहायचं एवढंच (यू३२, यू८ हे पूर्णांकाचे टाईप):

कॉन्फिग_बनवा! {
कॉन्फिग, कॉन्फिगफाईल;
मिनिटं: यू३२ = २०,
व्हॉल्व्ह: यू८ = ४,
}

पॅटर्नमध्ये फील्डचं नाव आयडेंट, टाईप टीवाय, डिफॉल्ट एक्सप्र म्हणून पकडा अन् सगळं $( )* मध्ये टाका, मग तीच यादी मॅक्रोच्या आत पाहिजे तितक्या वेळा उलगडता येते. दोन्ही स्ट्रक्टची नावं मुद्दाम दिलीयेत, कारण मॅक्रो_रूल्स स्वतःहून नावाला नाव जोडत नाही. (अन् हो, रस्ट १.५३ पासून देवनागरी फील्ड खरंच चालतात, फक्त टॉमल फाईलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहायच्या फाईलमध्ये, तशी की (फील्डचं नाव) अवतरणात टाकावी लागते.)

फाईलमधलं अन् डिफॉल्ट जोडताना प्रत्येक फील्डला फाईल.मिनिटं.अनरॅप_ऑर_एल्स(|| २०), तो २० अर्थात मॅक्रोच भरतो. नुसतं अनरॅप_ऑर पण चालेल, पण डिफॉल्ट स्ट्रिंग असली तर ती गरज नसताना बनते. कमांड लाईनवरून पण सेटिंग घ्यायची तर त्याआधी सीएलआय.मिनिटं.ऑर(फाईल.मिनिटं) करा, जे पहिलं सापडेल ते जिंकतं.

वाचायच्या स्ट्रक्टमध्ये बूल (ट्रू/फॉल्स) मात्र कधी ऑप्शनशिवाय उघडा ठेवू नका. कमांड लाईनवर फ्लॅग दिलाच नाही तरी तो फॉल्स येतो अन् फाईलमधलं ट्रू गपचूप पुसून टाकतो. ऑप्शन<बूल> असलं की 'नाही म्हटलं' अन् 'काही बोललोच नाही' हे वेगळं राहतं.

अन् कॉन्फिगफाईलवर सर्डेचं (फाईल वाचून स्ट्रक्ट भरणारी लायब्ररी) डिनाय_अननोन_फील्ड्स लावाच, म्हणजे अनोळखी फील्ड आली की एरर येते. मी फाईलमध्ये एकदा 'मिनिटं'च्या जागी 'मिनीटं' टाईप केलं होतं, सर्डेने अनोळखी की मुकाट्यानं सोडून दिली, ऑप्शन झालं नन (म्हणजे रिकामं), डिफॉल्ट लागला २० अन् रात्री लाईट आली तेव्हा ४५ मिनिटं चालायची मोटर २० मिनिटांत बंद. आता अशी चूक झाली की प्रोग्राम सुरूच होत नाही अन् कोणती फील्ड चालतात त्यांची नावं पण एररमध्येच दाखवतो.