डिसेबिलिटी पेन्शन नाकारल्याचे पत्र आल्यानंतर दावा कसा लढवावा

‘आपले अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही’ अशा आशयाचे पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून) आले की अनेक माजी सैनिक ते डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवतात आणि वर्षानुवर्षे पुन्हा उघडत नाहीत. वस्तुतः त्या पत्रावर अपिलाच्या दोन पायऱ्या आणि त्यानंतर लष्करी न्यायाधिकरण (आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल) उपलब्ध असते. पुढील विवेचन प्रामुख्याने २१ सप्टेंबर २०२३ पूर्वी सेवामुक्त झालेल्यांसाठी आहे. त्या दिवसापासून सेवामुक्त होणाऱ्यांना नवे आणि अधिक कडक नियम लागू झाले असल्याने त्यांनी ते स्वतंत्रपणे वाचून घ्यावेत.

दाव्याचा पाया दोनच गोष्टींवर उभा असतो. अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. हे दोन्ही प्रश्न सेवामुक्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या अहवालात निकाली काढलेले असतात; बोर्ड आउट झालेल्याच्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने मुदतीआधी घरी पाठवलेल्याच्या बाबतीत तो इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड असतो आणि मुदत पूर्ण करून आलेल्याच्या बाबतीत रिलीज मेडिकल बोर्ड. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्यापूर्वी या अहवालाची संपूर्ण प्रत मिळवणे हे पहिले काम आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाने बेळगावच्या, तोफखान्यातील जवानाने नाशिक रोडच्या आणि बॉम्बे सॅपर्सच्या जवानाने खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला सेवा क्रमांक, हुद्दा व सेवामुक्तीची तारीख देऊन लेखी मागणी करावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा, त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. याच मागणीत भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची नोंद, सैनिकी रुग्णालयांतील कागद आणि कोठे किती काळ नेमणूक होती त्याचा तपशीलही मागावा. अपघाताचे प्रकरण असेल तर इंज्युरी रिपोर्ट (दुखापतीचा अहवाल) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) निष्कर्ष यांवाचून पुढे जाऊ नये.

अहवाल हाती आला की टक्केवारीआधी कारणाचा रकाना वाचावा, कारण बहुतेक दावे तेथेच अडतात. ‘आजार जन्मजात प्रवृत्तीचा आहे’ किंवा ‘आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात (संघर्षग्रस्त नसलेल्या ठिकाणी) झाली’ एवढेच लिहून बोर्डाने नकार दिलेला असेल, तर त्या वाक्याला उत्तर देणे हेच अपिलाचे खरे काम होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हा मार्ग स्पष्ट केला. १९८५ मध्ये भरती झालेल्या या जवानाला सुमारे नऊ वर्षांनंतर अपस्माराच्या कारणाने, २० टक्के अपंगत्व धरून घरी पाठवण्यात आले आणि पेन्शन नाकारण्यात आली. न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, आजार सेवेशी संबंधित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यावा. आजार आधीपासून होता व भरतीच्या तपासणीत तो लक्षात येणे शक्य नव्हते, असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे लिहावी लागतात. राजुमोन प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने कारणांविना दिलेल्या अशा मतावर पेन्शन नाकारता येत नाही हे पुन्हा बजावले.

म्हणून अपिलात घरची हलाखी विस्ताराने सांगण्याऐवजी (ती खरी असते आणि वाचताना मन हेलावते, पण निर्णय तिच्यावर होत नाही) तारखांचा क्रम मांडावा: भरतीच्या वेळी कोणतीही नोंद नाही, अमुक वर्षी अमुक ठिकाणी नेमणूक, पहिले लक्षण, पहिले रुग्णालय, कमी झालेली मेडिकल कॅटेगरी (वैद्यकीय श्रेणी). सियाचिन, ईशान्य भारत किंवा काश्मीरमधील सेवा असेल तर ती ठळकपणे लिहावी. मात्र शांतता क्षेत्रात आजार सुरू झाला एवढ्याच कारणाने हक्क जात नाही, हेही नमूद करावे. सुट्टीत झालेल्या अपघाताच्या बाबतीत सेवेशी असलेला संबंध दाखवावा लागतो आणि तेथे दावा अवघड होतो, हे जवानाला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

पहिले अपील नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत आणि ते फेटाळले गेल्यास दुसरे अपीलही सहा महिन्यांत करायचे असते. उशीर झाला असेल तर त्याचे कारण लिहून अपील पाठवावे. पत्र रजिस्टर पोस्टानेच पाठवून पावती जपावी, कारण उत्तरच आले नाही तर पुढे न्यायाधिकरणात तीच पावती कामी येते. महाराष्ट्र व गोव्यातील माजी सैनिकांसाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे.

रक्कम समजून घेणेही गरजेचे आहे. डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधील अपंगत्वाचा भाग, १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व ३० टक्के असेल तर महिना ३,६०० रुपये होतात. परंतु ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याचा नियम आहे आणि तो लागू झाला की हीच रक्कम ६,००० रुपये होते. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मिळतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात दिला. ज्यांना जुन्या टक्केवारीनेच पैसे मिळत आहेत त्यांनी आपला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आजच काढून पाहावा, कारण उशिरा केलेल्या दाव्यात थकबाकी सहसा अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

कागद जुळवण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. निकाल बाजूने लागल्यावर सुधारित पीपीओ येतो. त्यावरील टक्केवारी आणि लाभाची तारीख निकालपत्राशी ताडून पाहावी, आणि आदेशाची अंमलबजावणी होत नसेल तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करावा.