ओमेगाशी दोस्ती: आधी पंखा, मग सूत्र

स्टेट बोर्डाच्या बारावी फिजिक्सचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंची गती. कॉलेज धड सुरूही झालेलं नसतं आणि ओमेगा, म्हणजे कोनीय वेग (कोन किती भरभर सरकतो ते), समोर हजर. शिकवणीत हे प्रकरण घेताना मी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी सगळ्यांना मान वर करून पंख्याकडे बघायला लावतो.

पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतोय असं धरा. २π ने गुणून ६० ने भागलं की ओमेगा सेकंदाला ३६.७ रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक). हा आकडा अख्ख्या पात्याचा, बुडापासून टोकापर्यंत एकच. टोक मध्यापासून ०.६ मीटरवर असेल तर त्रिज्या गुणिले ओमेगा, सेकंदाला २२ मीटर. म्हणजे ताशी ७९ किलोमीटर! निम्म्या अंतरावर मात्र ४० च्या आसपास. पातं एकच, मग वेग दोन कसे, असं कुणीतरी विचारतंच. कोन सगळ्यांचा सारखा सरकतो, वाट मात्र टोकाला जास्त कापावी लागते. हा गुणाकार रेडियनमध्येच चालतो. अंश घालाल तर उत्तर भलतंच येईल.

खरी मारामारी अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडच्या, त्वरणापाशी. एक सूत्र वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, दुसरं त्रिज्या गुणिले ओमेगाचा वर्ग. मग त्रिज्या वाढली की अभिकेंद्री त्वरण वाढतं की घटतं? एमसीक्यूत इथेच भले भले घसरतात. कायम काय ठेवलंय, ते आधी बघा. पंख्यात ओमेगा कायम, म्हणून टोकाला त्वरण सर्वाधिक, ८०० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर. गुरुत्वीय त्वरणाच्या ८० पटींहून जास्त, तरी पात्याच्या कडेची धूळ ढिम्म हलत नाही! रस्त्यावर उलटा प्रकार. स्कूटरचा काटा ताशी ३६ किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला १० मीटरवर, स्थिर असेल, तर वेग कायम, म्हणून ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर त्वरण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि २० मीटरच्या वळणावर थेट ५.

ओमेगाची दिशा उजव्या हाताच्या नियमाने अक्षावर येते: बोटं फिरण्याच्या दिशेने वळवली की अंगठा दाखवेल ती. ते एकदा हाताने करून बघा, पुरे.

बलांच्या आकृतीत मात्र घाई नको. वजन, पृष्ठभागाचा लंब दिशेतला रेटा म्हणजे नॉर्मल रिअ‍ॅक्शन, घर्षण काढून झालं की मुलं हमखास ‘अभिकेंद्री बल’ म्हणून आणखी एक बाण ठोकतात. असं वेगळं बल नसतंच; आधीच काढलेल्यांपैकी कुणीतरी ते काम करत असतं. सपाट वळणावर घर्षण, उपग्रहासाठी गुरुत्वाकर्षण. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये, म्हणजे उभ्या गोल भिंतीवर गाडी फिरवतात त्या खेळात, केंद्राकडे ढकलते ती भिंतीची नॉर्मल रिअ‍ॅक्शन, आणि घर्षण वजन पेलतं. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक (भिंतीवर चाकाची पकड किती त्याचं माप) ०.५ घेतला, तर किमान वेग ताशी साधारण ३६ किलोमीटर येतो. या गणितात वस्तुमान कटून जातं, त्यामुळे गाडीवर एकटा बसला काय नि दोघं बसले काय, किमान वेग तोच.