नाशिकमध्ये झाडं निवडताना या चुका टाळा

बंगल्यासमोर देवदार किंवा पाइन हवा, अशी मागणी नर्सरीत नेहमी होते. पहिली चूक इथेच होते. देवदार साधारण 1500 मीटरच्या वरच्या हिमालयातला. चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, त्याहून खाली उतरतो, पण तोही हिमालयातलाच. नाशिक 600 मीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. रोप दोन-तीन वर्षं तग धरतं, मग शेंडा करपतो. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारा अरौकारिया पॅसिफिक बेटांवरचा, मोरपंखी चीनकडची. सुरूचं झाड तर सूचिपर्णी, म्हणजे देवदार-पाइनच्या गटातलं, नाहीच, त्याच्या सुया म्हणजे बारीक फांद्या. सह्याद्रीचा स्वतःचा सूचिपर्णी वृक्ष एकच, नगेया वलिचियाना, आणि तोही पार दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलात. म्हणजे नाशिकला ‘देशी सूचिपर्णी’ असं काही नाही. बारमाही हिरवा आडोसा हवा असेल तर बकुळ आणि जांभूळ लावा. दोन्ही इथे जोमाने वाढतात.

दुसरी चूक जिल्हाभर एकच यादी वापरण्याची. इगतपुरीत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नर-येवल्याकडे जेमतेम 500-600. इगतपुरी-त्र्यंबकला ऐन, हिरडा, जांभूळ, बिबळा लावा. सिन्नरच्या मुरमाड माळावर मात्र अंजन, खैर, सालई, मोई, आपटा. हिरड्याचं रोप येवल्याच्या माळावर लावून उन्हाळाभर टँकरने जगवण्यात पैसा आणि रोप दोन्ही जातात.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती काळ्या जमिनीत. निफाडकडची भारी काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं ताणून तोडते. त्यात लोक दोन फुटांचा खड्डा घेऊन वाळू आणि शेणखत भरतात. भोवतीची चिकण माती पाणी झिरपू देत नाही, खड्ड्यातला भुसभुशीत माल सगळं पाणी ओढून घेतो, आणि खड्ड्याची कुंडी होते. ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडू लागली की लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, म्हणून ते आणखी घालतात. अशा वेळी रोपाशेजारी वीतभर उकरून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेलं काळं पडतं, बोटांनी साल सहज निघते आणि मातीला कुबट वास येतो.

म्हणून लावणीआधी जागा तपासा. मे महिन्यात 60 × 60 × 60 सेंटिमीटरचा खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिते, खरी परीक्षा दुसऱ्याची. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर तिथे कडुनिंब नको. करंज, बाभूळ किंवा ओढ्याकाठी अर्जुन लावा. खड्ड्यात तीच काळी माती परत घाला, शेणखत पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच वरंब्यावर बसवा.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर दुखणं वेगळं. मातीत चुनखडी जास्त असते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुनखडी आहे. इथे बाभूळ, कडुनिंब, चिंच टिकतात. युरियाने हे दुखणं बरं होत नाही.

मोठं रोप घेण्याचा मोहही महागात पडतो. पिशवीत तीन वर्षं राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल फिरतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच वाढतात. चौथ्या-पाचव्या वर्षी वादळात झाड मुळासकट उलथतं. फूट-दीड फुटांचं रोप घ्या, पिशवी पूर्ण काढा, तळाचं वेटोळं धारदार कात्रीने कापा. अंजनाचं सोटमूळ फार खोल जातं, त्याच्या बिया पावसाच्या सुरुवातीला थेट जागेवर पेरलेल्या बऱ्या.

गोदाकाठी पुराची रेषा बघूनच निवड करा: उंबर, वाळुंज, अर्जुन, करंज. उंबर, वड, पिंपळ भिंतीपासून किमान तीस फूट लांब ठेवा. माळावर अर्धकच्चं शेणखत टाकू नका, वाळवी त्यावरच येते. पूर्ण कुजलेलं घ्या आणि सोबत मूठभर निंबोळी पेंड मिसळा. लावणी जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळांना तीन-साडेतीन महिने मिळतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दहा-पंधरा लिटर पाणी द्या, पण ते खोडाला चिकटून नको, आळ्यात फूटभर अंतरावर सोडा.