१९१२ची मुंबई आणि तपास करणारी बाई: ऐतिहासिक रहस्यकथेची नायिका कशी उभी करावी

ऐतिहासिक रहस्यकथेत स्वतंत्र बाण्याची नायिका हवी म्हटलं की पुष्कळ नवे लेखक तिला फटकळ संवाद देतात आणि तेवढ्यावर थांबतात. वाचकाला मात्र वेगळेच प्रश्न पडलेले असतात. हिच्या हातात पैसा कुठून येतो? ही रात्री घराबाहेर कशी पडते? परक्या घरात हिला आत कोण घेतं? याची उत्तरं पक्की असली, तर ही बाई स्वतंत्र आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. खाली मुंबई शहर आणि १९१२ साल धरून सगळी जुळणी दाखवली आहे. तुमचं शहर आणि साल वेगळं असेल, तरी क्रम हाच ठेवा.

आधी नेमकं साल ठरवा. ‘इंग्रजांच्या काळी’ एवढं पुरत नाही. १९१२मध्ये मुंबईत विजेची ट्राम आहे (१९०७पासून), पण बस नाही (ती १९२६ची), विजेवरची लोकल नाही (१९२५) आणि गेटवेचं उद्घाटनही व्हायचं आहे (१९२४). बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३चा. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. तरी १९१२मध्ये त्या कोर्टात वकील म्हणून उभ्या नव्हत्या. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (अज्ञान वारस आणि बायकांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) त्या पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम पाहत होत्या. म्हणजे तुमच्या नायिकेला वकिलीचा झगा चढवता येणार नाही. हे बंधन कथेच्या फायद्याचं आहे, कारण तिला दुसरी वाट शोधावी लागते.

आता तिचा पैसा. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त कथा इथेच मोडतात. १८७४च्या कायद्याने विवाहित बाईची कमाई तिची स्वतःची ठरली, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना तो लागू नव्हता. पारशी किंवा ख्रिस्ती विवाहितेला त्याचा आधार होता. हिंदू सवाष्णीने नवऱ्याच्या हयातीत कष्टाने मिळवलेल्या पैशावर नवऱ्याचा ताबा चाले. ती घर सोडून गेली, तर नांदायला येण्यासाठी तो दावाही लावू शके. रखमाबाईंच्या खटल्यात १८८७मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला होता. विधवेने स्वतः कमावलेला पैसा मात्र तिचाच. समाज जिला सर्वांत जास्त जखडतो, तिचाच हात पैशाच्या बाबतीत मोकळा राहतो. या विसंगतीतून नायिका घडवा.

आमचा कौल शिकलेल्या विधवा नर्सला. बायका-मुलांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६मध्ये सुरू झालं आणि तिथे स्त्री डॉक्टर होत्या. तिथे शिकून पुढे घरोघरी बाळंतपणं करणारी बाई मध्यरात्री व्हिक्टोरिया घोडागाडीतून जाताना दिसली, तर कोणी का म्हणून विचारत नाही. हातातली पेटी पाहूनच दार उघडतं. शिवाय सुवेराच्या, म्हणजे बाळंतपणानंतरच्या विटाळाच्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नाहीत, पोलीसही तिथे अडखळतात. घरातल्या म्हाताऱ्या बायका तिथे जे बोलतात, ते माजघरातसुद्धा बोलत नाहीत.

निर्णायक धागा अशा जागी ठेवा जिथे फक्त तीच पोचते. कसोटी सोपी आहे: तिच्या जागी पुरुष इन्स्पेक्टर घालून कथानक चालवून पाहा. ते तसंच पुढे सरकलं, तर धागा बदला. एक पक्का सांगाडा देतो. १९०८च्या दिवाणी संहितेच्या कलम १३२प्रमाणे, रिवाजाने लोकांत न येणाऱ्या बाईला दिवाणी कोर्टात जातीने हजर राहण्याची सक्ती नाही. कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी येतो आणि पडद्याआडून तिची जबानी घेतो. पडद्यामागे कोण बसलं आहे, हे तो स्वतः पाहू शकत नाही. मृत्युपत्राच्या वादात खऱ्या विधवेऐवजी भलतीच कोणी बसवली असेल, तर ते कळणार कोणाला? जिने त्या विधवेचं बाळंतपण केलं तिला.

विष वापरायचं असेल तर सोमल (आर्सेनिक) घ्या. त्याने उलट्या-जुलाब होतात आणि पटकीची (कॉलऱ्याची) साथ असलेल्या शहरात तो मृत्यू पटकीत खपून जातो. धोतऱ्याने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो, त्यामुळे नर्सच्या ते लगेच ध्यानात येईल. मृताचा धर्मही विचारपूर्वक निवडा. हिंदू घरात काही तासांत दहन होतं, म्हणजे नायिकेला जे पाहायचं ते तेवढ्या वेळात. दफन असेल तर प्रेत पुन्हा उकरून तपासता येतं आणि कथा सावकाश चालते. बोटांचे ठसे चालतील, कारण कलकत्त्यात ठशांचा विभाग १८९७पासून आहे. रक्तगट १९०१मध्ये सापडले, पण १९१२च्या तपासात ते आणू नका.

वेळेचा धागा तर मुंबईने तयारच करून ठेवला आहे. १९०६पासून रेल्वे स्टँडर्ड टाइमवर, पण शहरातली कितीतरी घड्याळं मुंबई टाइमवर, म्हणजे ३९ मिनिटं मागे. घरच्या घड्याळात आठ वाजले की स्टेशनात ८:३९. संशयित सांगतो, “मी ८:२०ची गाडी पकडली.” मोलकरणीने त्याला घरात आठच्या ठोक्याला पाहिलं आहे. ऐकताना दोन्ही जबान्या जुळतात, पण गाडी त्याआधीच सुटलेली असते. यासाठी प्रत्येक प्रसंगाचा तक्ता करा आणि दोन्ही वेळांचे वेगळे रकाने ठेवा. तोंडी हिशेब केलात तर शेवटच्या प्रकरणात हमखास गोंधळ होतो. घराचं घड्याळ कोणत्या वेळेवर चालतं, हे कथेच्या पहिल्या चौथाईत सहज बोलण्यातून सांगून टाका. शेवटी सांगितलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते रास्तच आहे.

मोडी कागद हा दुसरा खजिना. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत, शब्द तोडत नाहीत आणि अनुस्वार गळतो. ‘दोनशेतगहाण’ याचा अर्थ दोन शेतं गहाण, की दोनशे रुपयांत गहाण? सावकाराचा कारकून एक वाचतो, नायिका दुसरं. मात्र ती मोडी कोणाकडून शिकली, हे आधी येऊ द्या. फक्त बाळबोध (देवनागरी) येणाऱ्या बाईने अचानक मोडी वाचली तर कथा तिथेच फुटते.

मग तिने शोधलेलं कायद्याच्या चाकोरीत बसायला हवं. १९१२च्या मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर आणि त्याची ज्युरी करते (१८७१चा कायदा). माहीमची खाडी ओलांडली की ठाणे जिल्हा, तिथे पोलीस आणि पंच. मुडदा वांद्र्याला सापडणं आणि माहीमला सापडणं यात अख्खं कथानक बदलतं. आणखी एक: खुनी इन्स्पेक्टरसमोर रडत सगळं कबूल करतो, हा शेवट लिहू नका. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातल्या कलम २५नुसार पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात सिद्ध करता येत नाही. मॅजिस्ट्रेट हवा, किंवा वस्तू आणि साक्षीदार हवेत.

मदतनीस जरूर द्या. तिच्या बाजूने कागद दाखल करणारा एखादा सॉलिसिटर किंवा दवाखान्यातला कंपाउंडर पुरेसा होतो. पण शेवटी त्याने येऊन तिला वाचवायचं नाही. तिचा विरोधक मूर्ख नसावा आणि सगळे पुरुष दुष्टही नसावेत. तिलाही तिच्या काळाचे काही समज असू द्या: जातीचे, सोवळ्याचे, पडद्यातल्या बायकांविषयीचे. असा एक समज तिला चुकीच्या संशयितामागे नेतो, असं केलंत तर मध्यावरची वळणं आपोआप सुचतील.

भाषेसाठी त्याच सालचा ‘केसरी’ काढून बसा. बातम्यांपेक्षा जाहिराती बारकाईने वाचा. औषधं, कापड, भाड्याच्या खोल्या, नोकरीचे पगार सगळं तिथे रुपये-आण्यांत मिळतं (सोळा आण्यांचा रुपया). वाडे, गल्ल्या आणि बाजार यांसाठी एस. एम. एडवर्ड्‌सचं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटियर हाताशी ठेवा. खटल्यांची भाषा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’मध्ये मिळेल, त्याचे अंक १८९९पासूनचे आहेत. बाळंतिणीची सासू नर्सला ‘अहो बाई’ म्हणेल, चाळीतली पोरं ‘काकू’ म्हणतील, पोलीस हवालदार वय पाहून ‘आक्का’. ‘मॅडम’ कोणीच म्हणणार नाही.